व्याह्याचं घोडं आणि सुदानचे दहा हजार

ताई, नमस्कार.

मी नेरुळला राहतो. वय ५३. सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि गेली चार वर्षं मी सेक्रेटरी आहे, म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडे आहे. यंदा गणपतीचा हिशेब झाला तेव्हा ४१ हजार रुपये शिल्लक निघाले. त्या सभेत माझी मुलगी उभी राहिली. ती लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, यातले दहा हजार सुदानच्या निर्वासितांसाठी देऊया. हॉलमध्ये हशा पिकला. एक काका म्हणाले, ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!’ दुसरे म्हणाले, आपल्या वॉचमनच्या पोराची फी भरायची राहिलीय, ते आधी बघा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, ‘खाली बस, इथे अक्कल पाजळू नकोस.’ त्याला आता तीन आठवडे झाले. ती जेवते, कॉलेजला जाते, आईशी बोलते. माझ्याशी एक शब्द नाही.

ताई, मी काही दगड नाही. २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या सोसायटीने टेम्पो भरून सामान पाठवलं. मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेलो होतो. पण सुदान? आपल्याला कोणी काय दिलं? माझे वडील पाटण खोऱ्यातून आले, मशीद बंदरला माथाडी होते, नंतर वाशी मार्केटला. त्यांचा हूक अजून माझ्या घरात खिळ्याला टांगलेला आहे. धाकटा भाऊ जहाजावर आहे. २०१९ ला त्याच्या जहाजाचा मालक पळाला. सात महिने ती पोरं परक्या बंदराबाहेर नांगरून पडली होती. पगार नाही, धड पाणी नाही. देवाच्या कृपेने सुटला. कुठल्या तरी युनियनचा माणूस जहाजावर आला, त्याने कागद केले, विमानाचं तिकीट आणि चार महिन्यांचा पगार मिळवून दिला. आमचं आम्ही निभावलं, कोणापुढे हात पसरले नाहीत.

मुलगी म्हणते, ‘बाबा, ही दया नाही. आंतरराष्ट्रीय एकजूट हा मानवी हक्क आहे.’ असा हक्क खरंच असतो का? सोसायटीत परदेशी भाडेकरू नको असं आमचं ठरलेलं आहे, त्यावरूनही ती टोमणे मारते. माझं चुकलं का? आणि तिची सूचना इतिवृत्तात लिहायची की नाही? काहीजण म्हणतात, कशाला, हसं होईल.

— एक बाप, नेरुळ

सेक्रेटरीसाहेब, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि शेजारशेजारच्या दोन वाक्यांखाली रेघ मारली. ‘कुठल्या तरी युनियनचा माणूस जहाजावर आला’ हे एक. ‘आमचं आम्ही निभावलं’ हे दुसरं. मधे तुम्ही फक्त एक पूर्णविराम दिलाय. तुमचं आणि लेकीचं भांडण त्या पूर्णविरामात आहे, असं मला वाटतं. म्हणून सुदान थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी भावाच्या जहाजावर जाऊ.

तो ‘कुठला तरी’ माणूस बहुधा इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनचा इन्स्पेक्टर असणार. जहाजवाले तिला आयटीएफ म्हणतात, भावाला विचारा, लगेच सांगेल. १८९६ साली लंडनमध्ये खलाशी आणि गोदी कामगारांच्या संघटनांनी ती उभी केली. कारण सरळ होतं. एका बंदरात संप झाला की मालक जहाज पुढच्या बंदरात नेऊन माल उतरवायचे. मालाला सीमा नव्हती, कामगाराला होती. मग कामगारांनी ठरवलं, आपणही सीमा ओलांडायची. आज निरनिराळ्या देशांच्या बंदरांत त्यांचे इन्स्पेक्टर आहेत. त्यांचं काम म्हणजे जहाजावर चढायचं, पगाराची वही मागायची, स्वयंपाकघर आणि पाण्याच्या टाक्या बघायच्या.

त्या माणसाने तुमच्या भावाला चारच महिन्यांचा पगार का मिळवून दिला, सात महिन्यांचा का नाही, हा प्रश्न तुमच्या घरात कुणाला पडला होता का? तो आकडा त्याच्या मनाचा नव्हता, तो कायद्यातला आहे. २००६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सागरी कामगार करार झाला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात पुढे एक दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २०१७ पासून लागू झाली. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर घरी पाठवण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून किंवा तशाच हमीतून मिळालाच पाहिजे, आणि त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असलं पाहिजे, असं ती दुरुस्ती सांगते. दोन महिने पगार दिला नाही तर तेवढ्यावरही जहाज ‘सोडून दिलेलं’ ठरू शकतं. तुमचा भाऊ २०१९ ला अडकला. तोच २०१५ ला अडकला असता तर? त्याच्याबरोबरच्या जुन्या खलाशांना विचारा. काहींनी आपल्याच पैशाने तिकीट काढलंय, काही वर्ष-वर्ष बसून राहिलेत.

ही दुरुस्ती आकाशातून पडली नाही. फिलिपिन्सच्या, युक्रेनच्या, भारताच्या खलाशांनी आणि ज्यांनी आयुष्यात नेरुळ पाहिलं नाही अशा गोदी कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावून ती करून घेतली. इन्स्पेक्टर ज्या बोटीने तुमच्या भावाच्या जहाजापर्यंत गेला, त्या बोटीच्या भाड्यात कुणाकुणाची वर्गणी होती कोण जाणे. वर्गणी देणाऱ्या माणसाला त्याच्या घरी कुणीतरी म्हटलंच असेल, ‘आपलं छप्पर गळतंय आणि तू इंडियातल्या पोराला सोडवायला निघालास?’ त्यांच्याकडेही व्याह्याच्या घोड्याची म्हण असणार, शब्द वेगळे असतील एवढंच. आणि हे तुमच्या भावापुरतं नाही. २०२४ मध्ये जगभरात असे सोडून दिलेले जे खलाशी होते, त्यांत सगळ्यात जास्त भारतीय होते. बेलापूर, नेरुळ, खारघरच्या किती घरांत दारामागे ती निळी-केशरी डांगरी टांगलेली असते, तुम्हीच मोजा.

तेव्हा ‘आपल्याला कोणी काय दिलं’ याचं उत्तर तुमच्याच घरात, धाकट्या भावाच्या पासपोर्टवर शिक्का होऊन बसलंय.

आता हक्काचं. लेक म्हणते तसा हक्क खरंच आहे का? अर्धा आहे. वकिलीचं शिकतेय, म्हणून तिलाही हे स्पष्ट सांगावं असं मला वाटतं.

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. त्याचं पहिलं कलम ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाने वाचता येईल असं होतं. ते बदलून ‘सर्व माणसं’ करून घेणाऱ्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता. या बाई त्याआधी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होत्या, म्हणजे तशा आपल्याच. त्याच जाहीरनाम्याचं २८वं कलम फारसं कुणी वाचत नाही. हे हक्क प्रत्यक्षात उतरतील अशी सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्था मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असं ते म्हणतं. नुसतं आपल्या देशातली नाही, आंतरराष्ट्रीय. लेकीच्या म्हणण्याचं मूळ तिथे आहे. पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी याच विषयासाठी एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमायला सुरुवात केली. इंडोनेशियाचे रूदी रिझ्की, मग फिलिपिन्सच्या व्हर्जिनिया दांदन, मग नायजेरियाचे ओबिओरा ओकाफोर आणि २०२३ पासून सेसिलिया बायलिएट. या मंडळींनी एका घोषणापत्राचा मसुदा घडवत आणलाय. ‘आंतरराष्ट्रीय एकजुटीचा हक्क’ हे शब्द त्यातलेच.

पण तो अजून मसुदाच आहे. उद्या सुदानमधली बाई नेरुळच्या सोसायटीवर दावा लावू शकत नाही, दुसऱ्या कुठल्या देशावरही नाही. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे एकजुटीचा ठराव येतो तेव्हा भारतासारखे देश सहसा बाजूने हात वर करतात आणि श्रीमंत पाश्चात्त्य देश बहुतेक वेळा विरोधात. त्यांचं म्हणणं, हक्क माणसाचा असतो, देशांचा नाही, आणि कोणाचं कोणाला देणं आहे हे न ठरवता हक्क कसला म्हणायचा? हा आक्षेप अगदी टाकाऊ नाही. आपल्याच नागरिकांना तुरुंगात डांबणारी काही सरकारंही तिथे एकजुटीच्या बाजूने मोठ्या उत्साहाने मत देतात. लेकीशी वाद घालायचाच असेल तर या मुद्द्यावर घाला. ती उत्तर शोधत बसेल आणि तीन आठवड्यांचा अबोला आपोआप सुटेल. वकिलीच्या पोरांना वाद दिला की राग विसरतात, हा माझा अनुभव आहे. माझ्या घरात एक आहे.

मग जो हक्क कोर्टात चालत नाही, त्याला हक्क म्हणायचं तरी कशाला? मदत म्हणावं, दान म्हणावं, विषय संपला. इथे मला तुमच्या वडिलांचा हूक खिळ्यावरून काढून हातात घ्यावासा वाटतो.

मशीद बंदरला तुमचे वडील पोती वाहायचे तेव्हा त्यांचा मालक कोण होता? व्यापारी म्हणायचा, मी नाही, टोळीवाला. टोळीवाला म्हणायचा, मी तर मुकादम. पाठीवर क्विंटलभर माल आणि मालक मात्र कोणीच नाही. पाय मोडला तर व्यापाऱ्याने दया येऊन पन्नास रुपये दिले तर दिले. दिवाळीला पेढ्याचा पुडा दिला तर दिला. चांगले व्यापारीही होते, ते द्यायचे. पण घेताना मान खाली जायची. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली, लढे झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. बोर्ड आलं. व्यापाऱ्याने वाराई, म्हणजे मालाच्या चढ-उताराची मजुरी, आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरायची, बोर्डाने पगार द्यायचा, फंड कापायचा, दवाखाना बघायचा. काम तेच, पोतंही तेच. पण पेढ्याच्या पुड्याच्या जागी पावती आली. तुमच्या वडिलांनी ती पावती घेताना कोणापुढे वाकल्याचं तुम्ही पाहिलंत का?

तुमची लेक ‘दया नाही, हक्क आहे’ म्हणते तेव्हा ती तुमच्या वडिलांचीच भाषा बोलतेय. तिला ते माहीत नसेल कदाचित. तुम्ही सांगितलंय का तिला कधी, हूक नुसता टांगून ठेवण्यापलीकडे? आणि १९६९ च्या आधी माथाड्यांचा हक्कही कोर्टात चालत नव्हता. आधी माणसं तो हक्क आहे असं म्हणायला लागली. तेव्हा बाजारात हशाच पिकला असणार.

पाटण खोऱ्यातल्या माणसाला मी सावड समजावून सांगावी म्हणजे अतीच झालं, पण ‘एकजूट’ हा शब्द सभेत हवेत गेला तो मोर्चातला वाटला म्हणून. ‘सावड’ म्हटलं असतं तर निम्मा हॉल हसला नसता. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. दोघांची मिळून जोडी, आज तुझं रान, परवा माझं. सावडीला आलेल्याला कुणी उपकारकर्ता म्हणत नाही. त्याला भाकरी वाढतात आणि आपली पाळी आली की जातात. पाळी कधी येईल हे ठरलेलं नसतं. तुमच्या भावाच्या वेळी ती आली होती.

माझी पाळी २०२१ च्या एप्रिलात आली. माझे थोरले दीर ठाण्यातल्या एका कोविड केंद्रात होते. ऑक्सिजनसाठी आम्ही घोडबंदर रोडपासून कल्याणपर्यंत फोन फिरवत होतो. मे महिन्यात त्यांच्या खाटेशेजारी एक कॉन्सन्ट्रेटर आला. त्यावरची अक्षरं परकी होती, कोणत्या भाषेतली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सिस्टरने बटणांवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने ‘चालू’, ‘बंद’, ‘हे दाबू नये’ असं लिहिलं होतं. दीर त्या यंत्रावर नऊ दिवस होते. आज टेंभी नाक्यावर भाजी घेताना घासाघीस करतात. २००४ च्या सुनामीपासून परक्या सरकारांची मदत नम्रपणे नाकारणारा आपला देश, त्या दोन महिन्यांत कितीतरी देशांकडून ती घेत होता. केनियाने बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, महाराष्ट्रात कोविडचं काम करणाऱ्यांसाठी. तेव्हा आपल्याकडे कितीजणांनी त्यावर विनोद केले! केनियावर वेळ आली की आपण काय पाठवणार, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही हसले होते, खोटं कशाला सांगू?

त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली होती की साथ संपेपर्यंत लशी आणि औषधांच्या पेटंटचे नियम शिथिल करा. ती भीक नव्हती, नियम बदला अशी मागणी होती. जून २०२२ मध्ये ती अर्धवट मान्य झाली, तीही फक्त लशींपुरती आणि उशिरा. लेकीच्या त्या मसुद्यात याला चांगला शब्द आहे: संकट आल्यावरची एकजूट वेगळी आणि संकट येऊ नये म्हणूनची वेगळी. बुडालेल्या वस्तीत खिचडी वाटणं ही पहिली, नाल्यावर भराव टाकू न देणं ही दुसरी. पहिलीचे फोटो निघतात. दुसरीत शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो.

सुदानविषयी दोन गोष्टी लेकीला सांगा, तिला बहुधा माहीत नसतील. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची जी घुमटाची मुख्य इमारत आहे, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत भारतीय सैनिकांनी जीव दिला, त्याची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून ती इमारत उभी राहिली, १९५९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. त्या सैनिकांत सातारकडची पोरं नसतील असं मी तरी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट अलीकडची. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दलाची लढाई पेटली, तेव्हा भारताने ३,८०० हून जास्त माणसं तिथून बाहेर काढली, पोर्ट सुदानहून जेद्दाह आणि तिथून दिल्ली, मुंबई. जेद्दाह काही आपलं बंदर नाही. तिथे उतरू दिलं म्हणून ती माणसं घरी आली. जी सुदानचीच होती ती सुदानमध्येच राहिली. आज तिथले एक कोटीहून जास्त लोक घरातून उठलेले आहेत.

तुम्ही लिहिता, चिपळूणला टेम्पो घेऊन गेलात. छान केलंत. पण नेरुळहून चिपळूण म्हणजे काही शेजार नाही. तुमच्या ८४ घरांतली किती माणसं तिथे नात्यातली होती? टेम्पो कळंबोलीशी, पळस्प्याला कुणी थांबवला नाही की ‘घर इथे संपलं, मागे फिरा’. घर कुठे संपतं हे प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं. वॉचमनच्या पोराची फी भरायला सांगणारे ते गृहस्थ... मी पैज लावते, गेल्या वर्षीही त्यांनी फी भरली नव्हती, सुदान नसतानाही. असली माणसं मला चांगली ओळखीची आहेत. दूरचं काढलं की त्यांना जवळचं आठवतं आणि जवळचं काढलं की मीटिंग संपवायची घाई होते. पण त्यांचा मुद्दा त्यांच्या तोंडी खोटा असला तरी मुद्दा म्हणून खरा आहे. लेकीने तो उचलायला हवा होता: फी पण भरू, दहा हजार पण देऊ, आधी फीचा ठराव मीच मांडते. तेव्हा बघायला हवे होते त्यांचे चेहरे.

आता तुमचं बरोबर कुठे आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल ताई पोरीच्या बाजूच्या. लोकांनी वर्गणी गणपतीसाठी दिली, ती दुसरीकडे वळवायची तर त्यांना विचारलं पाहिजे आणि नाही म्हणायचा त्यांना अधिकार आहे. मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर गोष्ट आणखी अवघड. देशाबाहेर केलेल्या खर्चावर आयकराची सूट हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते, आणि दहा हजारांसाठी ती कोण आणणार? त्यामुळे मंडळाच्या शिल्लकेतून हे पैसे जाऊ नयेत हा तुमचा निर्णय योग्यच होता. फक्त तुम्ही तो निर्णय दिलाच नाहीत, तुम्ही ‘अक्कल पाजळू नकोस’ म्हणालात.

ज्याला द्यायचे त्याने आपल्या खिशातून द्यावेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं दिल्लीत कार्यालय आहे, तिथून चौकशी सुरू करता येईल. परदेशातल्या संस्थेला थेट पाठवायचे तर बँकेतून रीतसर पाठवता येतात, पण देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर रडणाऱ्या मुलाच्या फोटोखाली क्यूआर कोड आला तर लेकीलाच आधी आवरा. एकजुटीच्या नावावर गंडवणारेही आंतरराष्ट्रीय असतात.

पण पैशाच्या आधी भाडेकरूंचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलंत, जसं आपण डॉक्टरकडे खरं दुखणं उठता उठता सांगतो. ‘परदेशी नको असं ठरलेलं आहे.’ कोणी ठरवलं? कोणत्या सभेत? ठराव क्रमांक काय? सेक्रेटरी आहात, वही काढून बघा. तो ठराव सापडणार नाही, कारण असले ठराव कोणी लिहीत नाही. लिफ्टमध्ये ठरतात. वाशी-खारघरला शिकायला, नोकरीला आलेली आफ्रिकेतली पोरं दलालांच्या मागे फिरून थकतात, हे तुम्ही-आम्ही बघतो. खलाशी तुमचा भाऊ परक्या बंदरात उतरला आणि तिथल्या प्रत्येक लॉजने ‘इंडियन नको’ म्हटलं असतं तर? मला वाटतं लेकीचा खरा राग इथे आहे, सुदान त्याचं निमित्त. यात एक पैसा खर्च नाही, आयकर नाही, मंजुरी नाही. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद देशी माणसाचीही करावी लागते. परदेशी माणूस असेल तर घरमालकाने त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवायची. एवढं केलं की झालं. तुम्ही पुढच्या सभेत एवढंच म्हणा की असा नियम आपल्या वहीत नाही आणि जो वहीत नाही तो मी सेक्रेटरी म्हणून पाळणार नाही.

लेकीशी बोलायचं कसं, तेही सांगते. माफी मागा, पण भाषण देऊन नको. बापांच्या माफीत ‘पण’ फार असतात. मी असं करीन: भाऊ सुट्टीवर घरी असेल तर रविवारी जेवायला बोलवा, समुद्रावर असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावा. तिच्यासमोर त्याला विचारा, ‘अरे, तो युनियनचा माणूस आला होता त्याचं नाव काय होतं?’ बस. पुढचं तो बोलेल. कोणत्या दिवशी पाणी संपलं, डेकवर पावसाचं पाणी कसं साठवलं, कॅप्टनने घड्याळ कसं विकलं, जे काय झालं असेल ते. तुम्हालाही त्यातलं निम्मं माहीत नसेल. घरी आलेल्या माणसाला आपण ‘झालं ते झालं’ म्हणून गप्प करतो. लेकीला सांगा, हे लिहून काढ. २० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांचा मानवी एकजूट दिवस असतो. त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडा आणि काकाला दहा मिनिटं बोलू द्या. मग दाराशी डबा ठेवा, ज्याला टाकायचे तो टाकेल. दहा हजार जमतील की अकराशे, मी सांगू शकत नाही. ते घोड्याची म्हण टाकणारे काकाही येतील, चहा आहे म्हटलं की.

एक बारीक गोष्ट लेकीलाही सांगायची आहे. तुझी सूचना चांगली होती, वेळ वाईट होती. हिशेब वाचून झाल्यावर माणसं घरी जायला उठलेली असतात. आजोबांचा हूक कसला आहे हे बाबांना विचार, वाराई म्हणजे काय ते विचार. मग पुढच्या वेळी ‘मानवी हक्क’ या शब्दांऐवजी तिथून सुरुवात कर. हॉलमधली निम्मी माणसं तुझ्याच आजोबांसारख्या माणसांची पोरं आहेत.

इतिवृत्ताचं राहिलं. लिहायचं. नामंजूर झालेली सूचनाही लिहायची असते, हे सेक्रेटरीला मी काय सांगणार? सूचकाचं नाव लिहा, सूचना तिच्या शब्दांत लिहा, ‘अनुमोदक मिळाला नाही, चर्चा झाली नाही’ असंही लिहा. ‘हशा’ लिहायची गरज नाही. आणि वही सहीसाठी फिरेल तेव्हा ते पान लेकीला आधी दाखवा, तिच्या टेबलावर ठेवून चहा करायला आत निघून जा.